धूर, झांकण आणि शेजारी

विस्तवावर मांस भाजणें ही मनुष्याच्या हातीं आलेली पहिली पाकक्रिया होय. भांडें नव्हतें, पाणी उकळण्याची सोय नव्हती, तेव्हांही विस्तव होता आणि विस्तवाभोंवतीं मोकळें रान होतें. पुढें मनुष्य गांव करून राहूं लागला, गांवांचीं शहरें झालीं, शहरांत घराला घर लागलें, आणि रानाचें अंगण, अंगणाचा सज्जा अशी मोकळी जागा आटत गेली. धुरावर भाजलेल्या मांसाची गोडी मात्र आटली नाहीं. जागा कमी होत असतां ती गोडी लोकांनीं कशी टिकविली, हा पाककलेच्या इतिहासांतील एक लहानसा पण बोधप्रद भाग आहे. तो पाहिला म्हणजे ध्यानांत येतें कीं, या कामास मोठी जागा कधींच अपरिहार्य नव्हती; अपरिहार्य होती ती हवेवरील सत्ता. परंतु हवेवर सत्ता मिळाली तरी धुरावर ती पुरतेपणीं कोणासही मिळाली नाहीं, आणि म्हणून या इतिहासांत शेजारी हाही एक पात्र म्हणून वावरतो.

प्रथम दोन क्रियांतील भेद समजून घेतला पाहिजे. मांसाचे तुकडे निखाऱ्यांच्या आंचेवर धरून झटपट भाजणें ही एक क्रिया. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत, शिगेला टोंचून निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाचें वर्णन आलें आहे. मराठी पद्याचे फार जुने नमुने ज्या ग्रंथांत सांपडतात त्यांपैकींच हा एक असल्यामुळें मराठी वाचकांस त्याचें नांव परकें वाटूं नये. या क्रियेस जागा थोडी व वेळही थोडा पुरतो.

दुसरी क्रिया सावकाशीची आहे. तींत विस्तव मंद किंवा मांसापासून दूर ठेवतात आणि मांस तासन्‌तास ऊन धुरांत राहूं देतात. भोंवतालच्या हवेची उष्णता १०० ते १२५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास असते. जनावराच्या ज्या अवयवांना श्रम अधिक, म्हणजे खांदा, छाती इत्यादि, त्यांतील चिवट धागे मांसाच्या पोटांत सुमारें ७० अंशांपर्यंत ऊब पोंचल्यावर हळूहळू विरघळूं लागतात आणि त्यांचा मऊ सरस बनतो. मध्यंतरीं कांहीं तास मांसाची उष्णता वाढतच नाहीं. मातीच्या माठांतील पाणी ज्या न्यायानें गार राहतें, त्याच न्यायानें पृष्ठभागावरचें पाणी उडून जातांना मांसाला थंडावा देत असतें. उतावळा मनुष्य येथें विस्तव वाढवितो आणि मांस करपवितो. जाणता मनुष्य वाट पाहतो. धुराचें कार्य याहून निराळें आहे. लांकूड अर्धवट जळतांना निघणाऱ्या धुरांत फिनॉलच्या जातीचीं द्रव्यें व आम्लें असतात. तीं मांसावर बसलीं म्हणजे जंतूंची वाढ मंदावते आणि चरबीला खंवटपणा लवकर येत नाहीं. बर्फाच्या पेट्या व शीतकपाटें निघण्यापूर्वीं मीठ, ऊन आणि धूर हेच मांसाचे राखणदार होते.

ज्या घरांत लांकडाची चूल होती, त्या घरांत हा राखणदार बिनपगारी मिळे. पोर्तुगालच्या डोंगराळ भागांत धुरांड्याखालीं दांडे बांधून त्यांवर डुकराच्या मांसाच्या लडी टांगण्याची रीत जुनी आहे. स्वयंपाक खालीं होई आणि मांस वर धुरावत राही. त्यासाठीं वेगळी जागा लागत नसे, वेगळें जळणही लागत नसे. पोर्तुगीजांबरोबर ही विद्या गोव्यास आली आणि तेथें तिनें नवें रूप घेतलें. व्हिनेगर, तांबडी मिरची व मसाला लावलेलें डुकराचें मांस आंतड्यांत भरून गोव्यांतील ख्रिस्ती घरांतून ‘शोरीस’ करतात. हा माल उन्हांत वाळवावयाचा, आणि कांहीं घरीं चुलीवरच्या धुरांतही टांगून ठेवावयाचा. पावसाळ्याच्या बेगमीला तेथें ‘पुरुमेंत’ म्हणतात. त्या बेगमींत सुक्या मासळीच्या शेजारीं शोरिसाच्या माळांना मान असे. भारताच्या दुसऱ्या टोंकास, नागा लोकांच्या घरांत, घराच्या मध्यभागीं चूल आणि तिच्यावर टांगलेली बांबूची मांडणी असते. तिच्यावर मांस दिवसानुदिवस धुरावत राहतें. पोर्तुगालचा शेतकरी व नागा गृहिणी यांचा परस्परांशीं संबंध नव्हता, तरी घरांत आधींच भरून राहिलेल्या धुराला कामास लावण्याची कल्पना दोघांसही सुचली.

धुराचा हा घरगुती प्रकार एकीकडे चालत असतां अटलांटिक महासागरापलीकडे दुसरा प्रकार वाढत होता, आणि तो अगदीं उघड्यावरचा होता. वेस्ट इंडीज बेटांतील मूळ रहिवासी काठ्यांची माचण उभारून तिच्यावर मांस व मासे ठेवीत आणि खालीं मंद विस्तव करीत. त्या माचणीच्या नांवावरून स्पॅनिश लोकांनीं ‘बार्बाकोआ’ हा शब्द उचलला. गोन्सालो फर्नांदेस दे ओविएदो या स्पॅनिश इतिहासकारानें १५२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तो आढळतो. त्यापासूनच इंग्रजी ‘बार्बेक्यू’ शब्द निघाला. पुढें सतराव्या शतकांत हिस्पानिओला बेटावर रानटी गुरें मारून त्यांचें मांस अशाच माचणीवर धुरावणारे फ्रेंच शिकारी होते. त्या माचणीला ते ‘बुकां’ म्हणत, म्हणून त्यांना ‘बुकानिए’ हें नांव पडलें. आणि ते चांचेगिरीकडे वळल्यावर तेंच नांव इंग्रजींत समुद्रावरील लुटारूंना कायमचें चिकटलें.

उत्तर अमेरिकेच्या दक्षिण भागांतील वसाहतींत माचणीची जागा लांब चरानें घेतली. जमिनींत चर खणावा, त्यांत लांकडें जाळून निखारे करावे, आणि वर आडव्या दांड्यांवर अख्खीं डुकरें किंवा बैल रात्रभर भाजावे, अशी पद्धत होती. जॉर्ज वॉशिंग्टनच्या रोजनिशींत १७६९ सालच्या मे महिन्यांत अशा एका मेजवानीची नोंद आहे. १७९३ सालच्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या संसदगृहाची कोनशिला त्यानें बसविली, त्या दिवशींही समारंभानंतर ५०० पौंड वजनाचा बैल भाजण्यांत आला होता. निवडणूक असो, स्वातंत्र्यदिन असो, बार्बेक्यू म्हणजे शेंकडों लोकांची पंगत, असा तेथें परिपाठ पडला.

या पंगतींत यजमान कोण होता हें इतिहासांत नमूद आहे. रात्रभर चराशेजारीं जागणारा कोण होता हें बहुधा नमूद नाहीं. दक्षिणेकडील राज्यांत हें काम मुख्यतः आफ्रिकन वंशाच्या गुलामांकडे असे. कोणतें लांकूड वापरावें, निखारे केव्हां सारावे, मिरची व व्हिनेगर यांचें पाणी केव्हां शिंपडावें, हें ज्ञान त्यांच्या हातांत होतें. तें कोणी पुस्तकांत उतरविलें नाहीं. बापाकडून मुलाकडे चालत आलें. गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें संपल्यावर त्यांच्यापैकीं व त्यांच्या वंशजांपैकीं कित्येकांनीं तेंच ज्ञान घेऊन खानावळी उघडल्या. आज अमेरिकन बार्बेक्यू म्हणून जगभर मिरविणारी कला ज्यांच्या जागरणांतून घडली, त्यांचीं नांवें फार थोडीं हातीं लागतात.

अशा चराला एकरभर मैदान हवें. ज्या शहरांत एक खोली म्हणजे एक संसार, तेथें काय करावें? याचें उत्तर जपाननें बरेंच आधीं शोधलें होतें. अठराव्या शतकांत एदो, म्हणजे आजचें टोकियो, हें सुमारें दहा लक्ष वस्तीचें शहर होतें. तेथील सामान्य लोक अरुंद गल्ल्यांतील लांकडी चाळींत राहत. चाळींतील अगदीं सामान्य बिऱ्हाडाचें माप सुमारें ९ फूट रुंद व १२ फूट लांब इतकेंच होतें. मुंबईच्या चाळींत ज्यांनीं दिवस काढले त्यांस या मापाचा अर्थ सांगावयास नको. शिवाय सारें बांधकाम लांकडाचें व कागदाचें. १६५७ सालच्या आगींत एदोचा मोठा भाग भस्मसात झाला होता. अशा ठिकाणीं विस्तव हा मित्रही आणि काळही होता.

तेथें घरोघरीं वापरांत आली ती ‘शिचिरिन’ नांवाची शेगडी. एका हातानें उचलतां येईल एवढी ती लहान असते. सूक्ष्म जलवनस्पतींच्या कवचांचे थर साचून बनलेल्या, हलक्या व सच्छिद्र मातीची चांगली शिचिरिन घडवितात. नोतो द्वीपकल्पांत तसल्या मातीचे ठोकळे कोरून त्या करण्याचा धंदा आहे. ही माती उष्णता आंतच राखते, त्यामुळें बाहेरचा भाग फारसा तापत नाहीं आणि मूठभर कोळशांत काम भागतें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे शेगडीच्या तळाशीं एक लहानसें सरकतें दार असतें. तें उघडलें कीं निखारे फुलतात. लोटलें कीं मंदावतात. त्या काळीं चतुष्पादांचें मांस जपानी लोक सहसा उघडपणें खात नसत, म्हणून या शेगडीवर मुख्यतः मासे भाजले जात. १८७२ सालीं खुद्द सम्राटानें गोमांस खाल्ल्याचें जाहीर झाल्यावर मांसाला प्रतिष्ठा आली आणि मांसाचे तुकडेही त्याच आंचेवर भाजले जाऊं लागले. शेगडी मात्र गल्लींत आणून पेटवीत, कारण मासळीचा धूर ९ फुटांच्या खोलींत कोंडून घेणें कोणालाच रुचत नसे. जागा अशी दोघांत वांटली गेली: खोली स्वतःची आणि धूर गल्लीचा. गल्लींत सर्वांच्याच शेगड्या येत असल्यामुळें कोणीं कोणाच्या नांवानें बोटें मोडावीं, हा प्रश्नच नव्हता.

अमेरिकेला अडचण आली ती उलट बाजूनें. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस हेन्री फोर्ड याच्या मोटारींना लांकूड पुष्कळ लागत होतें. त्यासाठीं मिशिगन राज्यांत आयर्न माउंटनजवळ त्यानें लांकूड कापण्याचा मोठा कारखाना काढला. तेथें तुकड्यांचे व भुशाचे ढीग पडूं लागले. कोळशाची भुकटी दाबून वड्या करण्याची कल्पना नवी नव्हती. पेन्सिल्व्हानियांतील एल्सवर्थ झ्वोयर यानें १८९७ सालींच तिचें पेटंट घेतलें होतें. फोर्डनें ती मोठ्या प्रमाणावर अमलांत आणली आणि आपल्या मोटारींच्या विक्रेत्यांकडूनच या वड्या विकल्या. कारखान्याच्या व्यवहारांत एडवर्ड किंग्जफोर्ड या त्याच्या नातलगाचा हात होता. शेजारच्या गांवाला त्याचें नांव मिळालें आणि १९५१ सालीं धंदा दुसऱ्यांच्या हातीं गेल्यावर कोळशासही तेंच नांव पडलें. आतां निखाऱ्यांसाठीं रात्रभर ओंडके जाळण्याचें कारण उरलें नाहीं. कागदी पिशवी फोडली कीं विस्तवाची तयारी झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरीं परतलेल्या सैनिकांसाठीं अमेरिकेंत शहरांबाहेर नव्या वस्त्या वसूं लागल्या. १९४७ सालीं न्यूयॉर्कनजीक सुरू झालेल्या लेव्हिटटाउनमध्यें प्रत्येक घरास ६० फूट रुंद व १०० फूट लांब एवढा भूखंड मिळे. त्यांतच घर आणि उरलेल्या भागांत परसू. चर खणण्यास तो अपुरा, पण उघडी शेगडी ठेवण्यास पुरेसा. शेंकडोंची पंगत येथें एका कुटुंबापुरती झाली. उघड्या शेगडीचे दोष मात्र लवकरच कळून आले. वारा सुटला कीं राख उडे, चरबी गळली कीं ज्वाळा उसळत, पाऊस आला कीं सारेंच संपे. आणि सावकाश धुरावण्याचें काम तर तिच्यावर होतच नसे.

शिकागोंतील वेबर ब्रदर्स या पत्र्याचें काम करणाऱ्या कारखान्यांत जॉर्ज स्टीफन नांवाचे गृहस्थ होते. पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांचे धातूचे पोकळ गोल तेथें घडवीत. १९५२ सालीं स्टीफन यांनीं असा एक गोल मधोमध कापला. खालच्या अर्ध्याला पाय बसवून त्यांत जाळी घातली आणि वरच्या अर्ध्याला मूठ लावून त्याचें झांकण केलें. तळाशीं व झांकणावर हवेसाठीं भोंकें ठेवलीं. या साध्या वस्तूनें पुष्कळ कांहीं बदललें. झांकण असल्यामुळें वारा व पाऊस यांची पीडा गेली. हवा मोजकी मिळाल्यामुळें चरबीच्या ज्वाळा दबल्या. निखारे एका बाजूस, मांस दुसऱ्या बाजूस आणि झांकणाचें भोंक मांसाच्या वर, अशी मांडणी केली म्हणजे ऊन धूर मांसावरून वाहतच बाहेर पडतो. ज्या कामास पूर्वीं लांबलचक चर लागे, तें दोन हातांच्या कवेंत मावणाऱ्या भांड्यांत होऊं लागलें.

याच सुमारास जपानांतील अमेरिकन सैनिकांच्या दृष्टीस भात शिजविण्याची एक झांकणाची मातीची चूल पडली. तिला तळाशीं व माथ्यावर हवेचीं दारें असत. ‘मुशिकामादो’ हें तिचें नांव. तींत मांसही उत्तम भाजतें असें त्यांना आढळलें आणि कांहींनीं ती जहाजांतून घरीं आणली. तिच्याच धर्तीवर पक्क्या मातीच्या भट्ट्या विकण्याचें दुकान एड फिशर यांनीं १९७४ सालीं अटलांटा शहरांत काढलें. चाळींत राहणाऱ्या एदोच्या माणसाला जें शहाणपण गरजेनें शिकावें लागलें, तें अशा रीतीनें परसू असलेल्या अमेरिकन माणसाच्या उपयोगी पडलें.

परंतु परसूही सर्वांस लाभत नाहीं. उंच इमारतींत राहणाऱ्यांस सज्जा तेवढा उरतो, आणि तेथें या इतिहासाची गांठ कायद्याशीं पडते. अमेरिकेंतील अनेक राज्यांनीं स्वीकारलेल्या अग्निसंहितेप्रमाणें पेट घेऊं शकणाऱ्या बांधकामाच्या सज्जांत, अथवा तसल्या बांधकामापासून १० फुटांच्या आंत, कोळशाची शेगडी पेटवितां येत नाहीं. एका किंवा दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरांना, तसेंच आग विझविणारे पाण्याचे फवारे बसविलेल्या इमारतींना, या नियमांतून सूट आहे. नियम समंजस आहे, कारण तेथें एकाच्या चुकीची झळ अनेकांस लागते. तथापि ज्याला स्वतःचें घर त्याला विस्तव, आणि भाड्याच्या बिऱ्हाडांत राहणाऱ्याला मनाई, असा त्याचा व्यवहारांत अर्थ होतो हेंही खरें.

यावर उपाय म्हणून दार लावून घरांतच कोळसा पेटविण्याचा मोह होतो, आणि तोच सर्वांत घातक आहे. कोळसा धुमसतांना कार्बन मोनॉक्साइड वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील प्राणवायूची जागा तो घेतो. डोकें जड होतें, झोंप येते, आणि मनुष्य त्या झोंपेंतून उठत नाहीं. खिडकी किलकिली ठेवणें हें यावर पुरेसें संरक्षण नव्हे. धुराच्या गोडीचीही एक मर्यादा आहे. धुरावलेलें व खारविलेलें मांस ज्या वर्गांत मोडतें, त्या प्रक्रिया केलेल्या मांसाची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१५ सालीं कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत केली. जो पदार्थ एके काळीं वर्षभराची बेगमी होता, तो आतां सणासुदीचा घांस म्हणून राहणेंच बरें.

ज्यांच्याजवळ सज्जाही नाहीं, त्यांच्यासाठीं आशिया खंडांतील गृहिणींनीं फार पूर्वींच सोय करून ठेवली आहे. चीनमध्यें खोलगट कढईच्या तळाशीं चहाची पत्ती, तांदूळ व साखर घालतात, वर जाळीवर आधीं शिजविलेलें मांस मांडतात, झांकण घट्ट बसवितात आणि चुलीवर थोडा वेळ तापवितात. विस्तव चुलीचा असतो, धूर तेवढा कढईंतला. आपल्याकडील धुंगार याहूनही आटोपशीर आहे. शिजलेल्या मांसाच्या मध्यभागीं लहानशी वाटी किंवा कांद्याची पाकळी ठेवावी, तींत एक फुललेला निखारा, त्यावर चमचाभर तूप, आणि लागलीच झांकण. पांच मिनिटांत त्या धुराचा वास सगळ्या भांड्यांत मुरतो. अख्खा बैल भाजणाऱ्या चरांत जो गुण होता, त्याची आठवण करून देण्यास तेवढा एक निखारा पुरतो. अर्थात् धुंगार चव देतो, टिकाऊपणा देत नाहीं. आणि तो निखाराही खिडक्या सताड उघडूनच पेटवावयाचा असतो व काम होतांच पाण्यांत विझवावयाचा असतो.

चार शतकांचा हा प्रवास पाहिला असतां चर, परसू, सज्जा व वाटी या त्याच्या पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरीवर विस्तव लहान झाला आणि त्याबरोबर त्याच्याभोंवतीं बसणारीं माणसेंही कमी झालीं. चराच्या पंगतींत, तिच्या साऱ्या अन्यायासकट, गांवचा गांव असे. एदोच्या गल्लींत निदान शेजारी असत. आज एका बिऱ्हाडाचा धूर दुसऱ्या बिऱ्हाडास केवळ उपद्रव होऊन बसला आहे. हवेचें दार कोणी बसविलें, झांकण कोणी घडविलें, यांचीं नांवें इतिहासानें जपलीं. शेजाऱ्याच्या तक्रारीवर मात्र कोणत्याही कारागिराला झांकण घडवितां आलें नाहीं. त्यावरचा उपाय जुनाच आहे. शेगडी पेटविण्यापूर्वीं शेजारच्या दारीं जाऊन सांगून यावें, आणि मांस उतरल्यावर त्यांतील एक वाटी त्याच दारीं पोंचती करावी. धूर त्यांच्या घरीं गेलेलाच असतो. त्याच्या मागोमाग घांसही गेला म्हणजे तक्रारीला जागा उरत नाहीं.